उताराची वाट आणि मनाईचा फलक



या पाक्षिकाच्या पानांवर आपली माझी भेट बहुधा मधुमेह, रक्तदाब किंवा मुलांचा खोकला यांच्या निमित्ताने होते. आज मी सायकलीविषयी लिहिणार आहे. तीही सपाट रस्त्यावरची नव्हे, तर डोंगराच्या उतारावरून खाली झेपावणारी. अशा सायकलींना आमच्या परिसरातील एका डोंगरावर वाट मिळावी म्हणून पन्नाशी ओलांडलेली मी एक सामान्य एमबीबीएस डॉक्टर दीड वर्ष अर्ज घेऊन फिरले. त्याच डोंगरावर सायकलींना बंदी घालावी, या मागणीच्या अर्जावर पहिली सहीदेखील माझीच होती. या दोन सह्यांमध्ये काय घडले, ते आपल्याला सांगावयाचे आहे.

धाराशिव बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेले आहे. येथे बर्फ पडत नाही, पडते ते ऊन. शहरालगतच्या एका गावाच्या गायरानात एक डोंगर आहे. त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. मिळालेली परवानगी तात्पुरती आहे आणि तेथे गर्दी व्हावी अशी माझी इच्छा नाही. माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ, उतारावर मुरूम, काळा दगड, कुसळी गवत आणि बोरी-बाभळी. चार वर्षांपूर्वी शहरातील आणि गावातील काही मुलांनी या उतारावरून सायकली आणायला सुरुवात केली. सायकल ढकलत वर चढायला पाऊण तास आणि खाली यायला पाच मिनिटे. त्या पाच मिनिटांसाठी मुले पहाटे उठू लागली.

एका मंगळवारी देवीचे दर्शन घेऊन उतरणाऱ्या एका वृद्धेच्या अंगावर वळणावरून अचानक सायकल आली. त्या बाजूला झाल्या, पण तोल जाऊन पडल्या. कोपर सोलवटले, सुदैवाने हाड मोडले नाही. मलमपट्टी माझ्याच दवाखान्यात झाली आणि तक्रारीचा अर्जही तेथेच लिहिला गेला. डॉक्टरांची सही असली की वजन पडते, असे सर्वांचे म्हणणे; मी क्षणभरही विचार न करता सही केली. आठवड्याभरात पायथ्याशी फलक लागला : ‘या डोंगरावर सायकल चालविण्यास सक्त मनाई आहे.’ आपण एक अपघात टाळला, या समाधानात मी होते.

त्यानंतर सुमारे पाच महिन्यांनी एक आई अकरावीतल्या मुलाला घेऊन आली. त्याची आणि आई-वडिलांची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे. उजव्या मनगटात दुखत होते. बादली उचलवत नव्हती, पेन धरून फार वेळ लिहिता येत नव्हते. सात आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला, असे आईने सांगितले. मी त्याचा अंगठा ताणून धरायला सांगितले. असा अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला, दोन शिरांमध्ये एक लहानसा खळगा दिसतो. तेथे दाबताच मुलगा कळवळला. क्ष-किरण चित्रात स्कॅफॉइड नावाचे, नावेच्या आकाराचे छोटे हाड मोडलेले होते आणि दोन तुकड्यांत फट पडली होती.

या हाडाविषयी दोन गोष्टी प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असाव्यात. पडताना आपण स्वाभाविकपणे तळहात पुढे करतो आणि शरीराचा भार या हाडावर येतो. दुसरे म्हणजे, त्याचा रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडच्या टोकाने आत शिरतो. त्यामुळे मध्ये मोडले की मनगटाकडचा तुकडा रक्ताविना उपाशी राहू शकतो. पहिल्या दिवशीच्या क्ष-किरण चित्रात ही मोड कित्येकदा दिसतच नाही. म्हणून त्या खळग्यात दुखत असेल तर चित्र स्वच्छ असले तरी मनगट आधारात बांधून ठेवायचे आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासायचे, हा नियम आहे. वेळीच बांधले तर बहुतेक हाडे जुळतात. सात आठवडे मोकळे ठेवले, त्यावर बाम चोळला, तर शस्त्रक्रियेची वेळ येते.

आईला बाहेर बसवून मी मुलाला विचारले, “खरे सांग, कुठे पडलास?” तो खाली मान घालून म्हणाला, “डोंगरावर, मॅडम. पण तिथं बोर्ड आहे ना. सांगितलं असतं तर सायकलपण गेली असती.” आणि मग एकदम, “पोलीस भरतीला चालेल का हा हात?”

आमच्या जिल्ह्यातील किती घरांची आशा त्या एका प्रश्नात असते, हे मराठवाड्यातील वाचकांना सांगायला नको. कोरडवाहू जमीन, पावसाचा भरवसा नाही आणि घरात एक मुलगा पहाटे धावायला जातो. मी त्याला “बघू” एवढेच म्हणाले. सोलापूरला अस्थिरोगतज्ज्ञांकडे त्याला पाठवले. कमरेच्या हाडाचा छोटा तुकडा तेथे बसवून, स्क्रू घालून हाड जोडावे लागले. तो गेल्यानंतर बराच वेळ मला त्या अर्जावरची माझी सही दिसत राहिली. फलकाने मुलांचे डोंगरावर जाणे थांबले नव्हते. त्यांचे सांगणे थांबले होते.

टाके काढल्यानंतर तो मुलगा दर पंधरवड्याला माझ्याकडे येत असे. एके दिवशी त्याने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. कॅनडातील व्हिसलर येथे, जेथे हिवाळ्यात लोक बर्फावरून घसरायला येतात, तेथेच उन्हाळ्यात पाळण्याला सायकली अडकवून माणसे डोंगरावर जात होती आणि आखलेल्या वाटांनी खाली येत होती. मी चकित झाले. जे आमच्याकडे गुन्ह्यासारखे लपून चालले होते, ते तेथे तिकीट काढून, फलक लावून, प्रथमोपचाराची सोय ठेवून चालले होते. हे त्यांना कसे साधले, या उत्सुकतेने मी वाचू लागले.

तेथेही सुरुवात भांडणानेच झाली होती. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात १९७६ पासून काही तरुण जुन्या, वजनदार सायकली डोंगरावरून पळवत. एका उताराचे नाव ‘रिपॅक’ पडले. कारण खाली येईपर्यंत मागच्या चाकाच्या ब्रेकमधले वंगण जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. पायी चालणारे आणि घोडेस्वार संतापले, अनेक वाटा सायकलींना बंद झाल्या. पुढे १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील सायकलस्वारांच्या मंडळांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली आणि वाट मागण्याबरोबरच स्वतःसाठी नियम लिहिले : खुल्या असलेल्या वाटेनेच जा, सायकल ताब्यात ठेवा, पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्या, जनावरांना घाबरवू नका, जमीन खराब करू नका.

बर्फाच्या डोंगरांवरची कथा याहून लांबली. कॅलिफोर्नियातील मॅमथ डोंगरावर १९८५ पासून उन्हाळ्यात उताराची शर्यत होऊ लागली. व्हिसलरचे सायकल उद्यान १९९९ मध्ये सुरू झाले. परंतु अमेरिकेतील अनेक स्की केंद्रे राष्ट्रीय वनभूमीवर आहेत आणि त्यांना परवाने देणारा १९८६ चा कायदा स्कीपुरताच बोलत होता. उन्हाळ्यातील सायकलींसाठी त्यात स्पष्ट आधार नव्हता. तो २०११ मध्ये कायदा दुरुस्त करून दिला गेला. डोंगरी सायकलींच्या वाटा त्यात स्पष्टपणे बसवल्या. त्याच वेळी जलतरण तलाव, गोल्फचे मैदान, मनोरंजन उद्यान यांना वगळले. डोंगराचा डोंगरपणा राखील ते चालेल आणि तो मोडील ते चालणार नाही, अशी रेघ कायद्यानेच ओढली. वाट मिळते ती अशी रेघ मान्य केल्यावर, हे मला त्यातून उमगले.

मुलांनी प्रथम मला येडशीचे नाव सुचवले होते. रामलिंगाचा तो सुंदर घाट आपल्यापैकी अनेकांनी श्रावणात पाहिला असेल. मी नकार दिला. येडशी रामलिंग घाट हे सुमारे २२ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवान्यावाचून प्रवेश करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. सायकलींना जागा हवी, म्हणून प्रत्येक डोंगर त्यांचा होत नाही. ज्या गायरानावर आम्ही मनाई आणली होती, तेथेच परत जाऊन बोलायचे ठरले.

आता सर्वांत आवश्यक काम होते डोंगर पाहण्याचे. मी आणि सहा मुले महिनाभर, सायकल न घेता, तेथे चालत गेलो. कोण कोणत्या वेळी कोणत्या वाटेने जाते, हे वहीत लिहिले. देवळाच्या वाटेवर मंगळवारी आणि शुक्रवारी गर्दी. गुराखी नऊच्या सुमारास वर जातात, दिवस कलताना उतरतात. पूर्वेकडच्या सोंडेवर मात्र कोणाची नित्याची वाट नव्हती. या वहीवरून आम्ही एक पानाचा अर्ज लिहिला : देवळाची वाट सायकलींना कायमची बंद, पूर्वेची सोंड फक्त रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ, पावसाळ्यात आणि मुरूम ओला असेपर्यंत पूर्ण बंद, कारण ओल्या उतारावर चाकांची चाकोरी पडली की पुढच्या पावसाचे पाणी तिथूनच माती ओढून नेते, दोन्ही ब्रेक आणि हेल्मेट नसेल तर वर जायचे नाही, पायथ्याशी एकाने शिट्टी, प्रथमोपचार पेटी आणि नोंदवही घेऊन बसायचे.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत अर्ज वाचला गेला आणि बाजूला पडला. “उतारावर नुसते बसून यायचे, यात व्यायाम कसला?” असे एका गृहस्थांनी विचारले. मी म्हटले, आमच्या डोंगराला पाळणा नाही. पाच मिनिटे उतरायचे तर पाऊण तास चढावेच लागते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे घाम येईल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही मुले ती एका रविवारी सकाळी चढावरच पूर्ण करतात. सभेत हशा पिकला, पण ठराव झाला नाही.

खरा आक्षेप नंतर आला. गायरानात शेळ्या चारणाऱ्या एका आजींनी मला रस्त्यात थांबवले. “डाक्टरीनबाई, पोरं वरून येतेत तवा शेरडं बिथरतेत. तुमची पोरं हौसेनं पडतेत. माझं शेरडू पडलं तर भरून कोण देईल? अन् वाट मागायच्या आधी आम्हाला कुणी इचारलं का?”

कुणी विचारले नव्हते. महिनाभर त्यांच्या वेळा आम्ही वहीत लिहिल्या, पण त्यांच्याशी बोललो नव्हतो. मी मुलांना घेऊन त्यांच्या अंगणात गेले. त्यांनी दोन अटी घातल्या : शेरडे दिसली की सायकलीवरून खाली उतरायचे आणि ती जाईपर्यंत उभे राहायचे, आणि नुकसान झाले तर त्याच दिवशी पैसे द्यायचे. मुलांनी दरमहा प्रत्येकी पन्नास रुपये बाजूला टाकायचे ठरवले. सातासमुद्रापलीकडे संघटनेने लिहिलेला नियम आणि आमच्या आजींनी अंगणात घातलेली अट एकच होती, याचे मला मोठे नवल वाटले. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्या स्वतः उभ्या राहिल्या आणि “पोरं बोलल्यावानी वागतील तवर वागू द्या” एवढेच म्हणाल्या. एका वर्षापुरती परवानगी मिळाली.

वाचकहो, येथे गोष्ट गोड संपली, असे मी म्हटले तर ते खोटे ठरेल. परवानगीच्या तिसऱ्या महिन्यात एक मुलगा वळणावर पडला आणि त्याचे खांद्याजवळचे कॉलर-बोन मोडले. रात्री त्याचे वडील दवाखान्यात आले. “परवानगी तुम्ही मागितलीत ना?” त्यांचा आवाज चढला होता. मी “हो” म्हणाले. दुसरे उत्तर नव्हतेच. मुलाचा हात झोळीत बांधला होता, कारण तो पडल्यावर अर्ध्या तासात माझ्यासमोर होता. सहा आठवड्यांत हाड जुळले. वडिलांनी अजून त्याला सायकल परत दिलेली नाही आणि तो निर्णय त्यांचा आहे. मी त्यांच्या घरी दोनदा जाऊन आले. चहा मिळतो, सायकलीचा विषय निघत नाही.

आपल्या घरातही डोंगराकडे पाहणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, म्हणून काही गोष्टी सांगते. वेग दुप्पट झाला की पडताना शोषावी लागणारी ऊर्जा चौपट होते. ताशी २० किलोमीटरला जे खरचटणे असते ते ४० ला मोडणे होऊ शकते. वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणावर नव्हे. तीव्र उतारावर एकटा पुढचा ब्रेक करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत, बैठकीवरून उठून, गुडघे-कोपरे सैल ठेवून, भार मागे न्यावा. हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटांवर बसावे, पट्टा हनुवटीखाली घट्ट असावा. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट, तडा दिसला नाही तरी, बदलावे. हँडलच्या दोन्ही टोकांना रबरी बुचे आहेत ना, ते आजच पाहा.

पडल्यानंतरची काळजी याहून महत्त्वाची आहे. डोक्याला मार बसल्यावर शुद्ध हरपली असेल, वारंवार उलट्या होत असतील, डोकेदुखी वाढत असेल, मूल गुंगीत असेल, बोलण्यात असंबद्धता आली असेल, झटका आला असेल किंवा नाका-कानांतून रक्त वा पाणी येत असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. हँडलचे टोक पोटात रुतले असेल तर वर जखम दिसली नाही तरी प्लीहा, यकृत किंवा स्वादुपिंडाला इजा झालेली असू शकते आणि ती काही तासांनी प्रकट होते. पोटदुखी असेल तर घरी थांबू नये. मातीने माखलेली जखम वाहत्या पाण्याने भरपूर धुवावी. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वाताची लस झाली आहे का, हे लसीकरणाच्या कार्डावर पाहावे. आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेला तो खळगा विसरू नये.

हे सारे ज्ञान मात्र एका गोष्टीवर अवलंबून आहे : मुलाने पडल्याचे सांगितले पाहिजे. मूल घरी आले, अंगावर धूळ आहे, चालणे वेगळे आहे. त्या क्षणी आपल्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघते, यावर त्याचे मनगट अवलंबून असू शकते. रागवायचे असेल तर अवश्य रागवा, तो आपला हक्क आहे. पण आधी तपासणी करून घ्या, मग रागवा.

शस्त्रक्रिया झालेला तो मुलगा आता बारावी झाला आहे. हाड जुळले, मनगट थोडे कमी वळते. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत काय होईल, हे मी त्याला आजही सांगू शकत नाही, आणि तो आता विचारत नाही. रविवारी तो सायकलीवर बसत नाही. शिट्टी आणि नोंदवही घेऊन पायथ्याशी बसतो. वर्षभरात त्या वहीत चौदा पडण्यांची नोंद झाली. प्रत्येकापुढे वेळ लिहिली आहे आणि प्रत्येक जण त्याच दिवशी तपासला गेला.

या २ ऑक्टोबरला परवानगीची मुदत संपते. ग्रामसभेपुढे आमचा अर्ज पुन्हा आहे. सोबत ती वही जोडली आहे, कॉलर-बोनच्या नोंदीसकट. ते पान काढून टाकावे, अर्ज बळकट दिसेल, असे एकाने सुचवले होते. मी ते काढलेले नाही. अर्जावर या वेळी पहिली सही शेळ्यांच्या आजींचा अंगठा आहे आणि त्याखाली माझी.